शाळेत मनाची मदत कशी मागायची: आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी

मनाच्या सगळ्या दुखण्यांना आपल्याकडे एकच शब्द आहे, टेन्शन. गणिताच्या पेपरचं टेन्शन, घरातल्या भांडणाचं टेन्शन, आणि तीन आठवडे धड झोप नाही, घास गिळत नाही, तेही टेन्शनच. त्यामुळे बाईंना ‘टेन्शन आलंय’ म्हटलं की त्या ‘अभ्यासाला लाग, जाईल’ म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. यात बाईंचा दोष कमी आणि शब्दाचा जास्त. नेमकं काय बिघडलंय ते चार साध्या वाक्यांत सांगता आलं, तर मदत मिळण्याची शक्यता खूप वाढते. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

जगू नये असं आत्ता वाटत असेल, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर बाकीचं सोडा आणि थेट पायरी ६ वर जा.

एक आकडा माहीत असू द्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. साठ पटाचा वर्ग धरला तर चार जण. आपल्या वर्गातले ते चार कोण, हे आपल्याला बहुतेक वेळा कळत नाही, कारण मधल्या सुट्टीत तेही हसत असतात.

१. पंधरा दिवसांची नोंद ठेवा

वहीच्या शेवटच्या पानावर पाच रकाने आखा: झोप, जेवण, अभ्यास किंवा खेळ, माणसं, आणि शेवटी मनाला ० ते १० मधला आकडा (० म्हणजे अगदी वाईट, १० म्हणजे छान). रात्री दोन मिनिटं, त्याहून जास्त नको. ‘आजचा दिवस वाईट’ असं लिहिलं तर ते नंतर कुणाच्याच कामाचं नाही. असं लिहा:

‘मंगळवार. १२.४० ला झोप, ३ ला जाग, मग ५ पर्यंत नाही. डबा अर्धा परत. इतिहासाचं एक पान चार वेळा वाचलं. क्रिकेटला बोलावलं, पोट दुखतंय म्हणून सांगितलं. ३.’

काय घडलं तेवढंच लिहायचं, का घडलं ते नाही. कारण शोधायला बसलात की रात्री एकपर्यंत जागरण होईल आणि झोपेचा रकाना आणखी बिघडेल.

पंधराच दिवस का? नैराश्य ठरवताना डॉक्टर हेच बघतात की उदास किंवा चिडलेलं मन, कशातच रस नसणं, हे जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे टिकलंय का. पण पंधरा दिवस भरायलाच हवेत असं नाही. पाचव्या दिवशीच सहन होईनासं झालं, तर पाच दिवसांची नोंद घेऊन जा. शून्य दिवसांची असली तरी जा.

वही घरात कुणी उघडेल अशी धास्ती असेल तर माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहा. मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर मात्र नोंद टाकू नका, तिचा स्क्रीनशॉट कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

२. नोंदीत काय शोधायचं

उदास माणूस कोपऱ्यात बसून रडतो, हे चित्र डोक्यातून काढा. तुमच्या वयात नैराश्य बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात येतं. आईनं ‘जेवलास का’ विचारलं तरी अंगावर धावून जाणं, धाकट्यावर हात उगारणं, दार आपटणं. घरच्यांना तो उर्मटपणा वाटतो आणि ओरडा बसतो. मग चिडचीड वाढते आणि ओरडाही वाढतो.

दुसरी खूण शरीरातली. रविवारी रात्री पोटात कळ, सोमवारी सकाळी मळमळ, आणि सुट्टी लागली की सगळं गायब. हे ढोंग नव्हे, दुखणं खरंच असतं. फक्त त्याचा उगम पोटात नसतो. झोपेकडेही बघा. तुमच्या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. क्लासमुळे सहा तासच मिळत असतील तर आधी ते सुधारून बघा, कारण नुसत्या अपुऱ्या झोपेनंही यातली निम्मी लक्षणं दिसतात.

पूर्वी आवडणारी गोष्ट सुटणं, ही खूण आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते. अभ्यास नकोसा होणं हे कुणाचंही होतं, पण ढोलपथक, चित्रं, कबड्डी, गच्चीवरच्या गप्पा हेही नकोसं झालं तर त्याची दखल घ्यायलाच हवी.

कधी कधी अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हाताला मुंग्या येतात, आपण आता मरतो असं वाटतं. हा पॅनिक अटॅक असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. त्या वेळी चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा, पाय जमिनीवर घट्ट टेकवा. पहिल्यांदाच झाला असेल तर डॉक्टरांना दाखवून हृदय, दमा वगैरे काही नाही ना याची खात्री करून घ्या.

घटक चाचणीत मार्क गेले म्हणून दोन दिवस जीव न लागणं, मैत्रिणीशी अबोला असताना घास न उतरणं, आजोबा गेल्यावर महिनाभर डोळे भरून येणं, हा आजार नव्हे. मग सीमारेषा कुठं? तीन प्रश्न विचारा. किती दिवस झाले? एकाच ठिकाणी होतंय की घरी, शाळेत, मित्रांत सगळीकडे? आणि रोजचं कोणतं काम अडलंय? दोन आठवडे उलटले असतील, किंवा त्रास सगळीकडे पाठ धरत असेल, किंवा आंघोळ, जेवण, शाळा यांपैकी काही अडत असेल, तर बोलायची वेळ झाली. ‘फारच असह्य झालं की जाऊ’ हे चुकतं, कारण असह्य झाल्यावर उठून कुणाकडे जायची ताकदच उरत नाही.

दोन गोष्टींची गल्लत फार होते. सतत थकवा आणि उदासपणा रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉइडमुळेही येतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. आणि लहानपणापासून वाचन-लेखनच अडखळत असेल, तर मूळ अडचण अध्ययन अक्षमतेची असू शकते. तिचं प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ‘मठ्ठ’ हे विशेषण ऐकून ऐकून खचलेली कितीतरी मुलं प्रत्यक्षात या गटातली निघतात.

रीलमधल्या ‘ही सात लक्षणं असतील तर तुम्हाला अमुक आहे’ यावरून स्वतःला नाव चिकटवू नका. तुम्ही नोंद न्या, नाव तज्ज्ञ ठरवतील.

३. माणूस निवडा

शाळेत समुपदेशक असतील तर पहिलं नाव त्यांचं. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, आणि छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. तेव्हा ‘आपल्याकडे समुपदेशक आहेत का?’ असं ऑफिसात विचारताना संकोच नको. एक मात्र बघून घ्या. काही ठिकाणी ‘समुपदेशक’ म्हणजे दहावीनंतर सायन्स की कॉमर्स ते सांगणारी व्यक्ती. तिच्याकडेही जाता येतं, पण पहिल्याच वाक्यात ‘करिअरबद्दल नाही, माझ्याबद्दल बोलायचंय’ असं स्पष्ट करा.

समुपदेशक नसेल तर वर्गशिक्षक, पीटीचे सर, चित्रकलेच्या बाई, ग्रंथालय सांभाळणारे, कुणीही चालतील. निवडीची कसोटी सोपी आहे: जे शिक्षक एका मुलाची घरगुती गोष्ट भर वर्गात बोलून दाखवतात, त्यांच्याकडे जाऊ नका. जे एखाद्याला बाजूला बोलावून विचारतात, त्यांच्याकडे जा. आश्रमशाळेत असाल तर अधीक्षक किंवा अधीक्षिका, वसतिगृहात गृहपाल. तिथं घरी फोन करायची वेळ ठरलेली असते, म्हणून तो कधी आणि कुणाच्या मोबाइलवरून करता येतो हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा.

तीन नावं कागदावर लिहा. एकच लिहिलं आणि त्या नेमक्या रजेवर असल्या की धीर सुटतो.

त्रास शिक्षकाकडूनच होत असेल तर? मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. मुख्याध्यापकांकडे जा, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांकडे जा, किंवा चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा. शाळेतल्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकता येते, पण पेटी रोज उघडत नाहीत. आज सांगायला हवं असं काही पेटीत टाकून वाट बघू नका.

४. वेळ मागा, आणि पहिलं वाक्य तयार ठेवा

सगळ्यांत जास्त प्रयत्न इथं फसतात, आणि कारण अगदी क्षुल्लक असतं: मुलं मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात जातात. आत सहा शिक्षक डबे उघडून बसलेले, बाईंच्या हातात चाचणीचे पेपर, मागे दोन मुलं हजेरीपट घेऊन उभी. ‘काय रे, काय काम?’ असा प्रश्न येतो, आणि तोंडातून ‘काही नाही बाई’ निघतं.

बोलायला जाऊ नका, वेळ मागायला जा. त्यासाठी चिठ्ठी उत्तम:

‘बाई, मला तुमच्याशी वीस मिनिटं एकट्यानं बोलायचंय. अभ्यासाचं नाही. तुमचा ऑफ तास कधी आहे ते सांगाल का? शक्यतो याच आठवड्यात. इयत्ता ९ ब, हजेरी क्रमांक १७.’

वहीत घडी घालून तपासायला देताना हातात द्या. ‘शक्यतो याच आठवड्यात’ हे शब्द गाळू नका, नाहीतर ‘बघू हं’ होतं आणि सहामाही येते.

भेटल्यावर पहिलं वाक्य पाठ असलेलं बरं. त्यात तीन गोष्टी हव्यात: किती दिवस, काय होतंय, काय हवंय. ‘बाई, तीन आठवडे झाले, मला रात्री तीनला जाग येते आणि शाळेत यावंसं वाटत नाही. मला कुणा समुपदेशकांशी बोलायचंय, तुम्ही मदत कराल का?’ एवढं झालं की नोंदीचं पान पुढे करा. रडू आलं तर येऊ द्या. तोंडी जमतच नसेल तर तेच वाक्य लिहून द्या.

काही वेळा उत्तर येतं, ‘या वयात सगळ्यांना होतं’. वाद घालू नका. पान दाखवून एवढंच म्हणा, ‘हो, पण माझं पंधरा दिवस रोज होतंय.’ तरीही नाहीच, तर कागदावरचं दुसरं नाव. पहिल्या नकारानं थांबणं हा या वाटेवरचा सगळ्यांत मोठा खड्डा आहे.

५. समुपदेशकांच्या खोलीत

भेट साधारण अर्धा ते पाऊण तास चालते. झोप, भूक, घरात कोण कोण, मित्र, मोबाइल, शाळेत कुणी त्रास देतं का, असं विचारतात. स्वतःला इजा करावीशी वाटते का, हेही विचारतील. हा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारतात, तुमच्याबद्दल काही ठरवून नाही. एखादं उत्तर द्यायचं नसेल तर ‘हे आज नको’ म्हणता येतं. समुपदेशक औषधं लिहून देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांचं.

बसल्या बसल्या एक प्रश्न तुम्ही विचारा: ‘मी सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगाल?’ चांगले समुपदेशक ‘कुणालाच नाही’ असं म्हणणार नाहीत, कारण ते खरं नसतं. तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्यामुळे दुसऱ्याला धोका असेल, किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर त्यांना पुढे सांगावंच लागतं. शेवटच्या बाबतीत तर १८ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या पॉक्सो कायद्यानं (२०१२) कळवणं बंधनकारक आहे. ही सीमा आधी कळली की नंतर ‘बाईंनी विश्वासघात केला’ असं वाटत नाही. बाकीचं, म्हणजे कोण आवडतं, घरात काय चालतं, कशाची लाज वाटते, हे त्या खोलीतच राहायला हवं.

नियमित भेटींसाठी काही शाळा पालकांची संमती घेतात, आणि डॉक्टरांचे उपचार सुरू करायचे तर १८ वर्षांखाली पालक लागतातच. घरी सांगताना संध्याकाळी सातची वेळ टाळा, त्या वेळी कुकर, ऑफिसची दमछाक आणि टीव्ही एकत्र असतात. स्कूटरवर मागे बसून किंवा चालताना बोलणं सोपं जातं, कारण एकमेकांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. ‘वेड लागलंय का तुला’ अशी प्रतिक्रिया येईल असं वाटत असेल, तर समुपदेशकांनाच पालकांना बोलवायला सांगा. आणि ‘आधी दृष्ट काढू’ म्हणाले तर काढू द्या, मीठमोहऱ्यांनी काही बिघडत नाही. फक्त डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू देऊ नका. अंगारेधुपारे, मारहाण, उपाशी ठेवणं असं काही सुरू झालं, तर मात्र १०९८.

६. थांबायचं नाही अशी वेळ

मरणाचे विचार, स्वतःला जखमा करणं, निरोपाचे मेसेज, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. यांपैकी काहीही असेल तर नोंद, चिठ्ठी, ऑफ तास हे सगळं बाजूला. त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसाकडे जा, तास चालू असला तरी उठा. ‘मला एकटं सोडू नका’ एवढं म्हटलं तरी पुरे. शाळेत कुणी नसेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६: फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिवावर बेतलं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२.

‘पोलीस केस होईल’ या भीतीनं घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. उशीर झाला तर मात्र भरून येत नाही.

हेच मैत्रिणीबद्दल कळलं असेल तर ‘कुणाला सांगू नको, शपथ आहे’ ही शपथ मोडा. तिला एकटं सोडू नका, सोबत चालत बाईंपर्यंत जा. ती आठवडाभर बोलणार नाही कदाचित. ‘अभ्यास कर, विसरशील’, ‘आईबाबांचा विचार कर’ ही वाक्यं टाळा. ‘किती दिवसांपासून असं वाटतंय?’ हा प्रश्न बरा, आणि मग गप्प बसून ऐका.

७. शाळेबाहेरची दारं

सरकारी ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना तिथं समुपदेशक भेटतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात मोडत नाहीत, तिथं थोडी फी लागते. ओपीडी सकाळची असते, लवकर पोचा, आणि मानसोपचाराचा विभाग कोणत्या वारी असतो ते नोंदणीच्या खिडकीवर आधी विचारा, नाहीतर अर्धा दिवस रांगेत घालवून परत यावं लागतं.

सोबत घ्या: नोंदीचं पान, आधार कार्ड, आधीचे रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, आणि पालक किंवा विश्वासातला मोठा माणूस. शाळेच्या ओळखपत्रामागे एक चिकटपट्टी लावून त्यावर १४४१६ आणि १०९८ लिहून ठेवा. मोबाइल जप्त झाला तरी ते गळ्यात असतं.

दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत राज्य मंडळही विभागवार समुपदेशक नेमतं, त्यांचे फोन क्रमांक दरवर्षी नव्यानं जाहीर होतात. आणि नापास होण्याच्या भीतीनं झोप उडाली असेल, तर नियम वाचा: दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. भीती बऱ्याचदा नियम माहीत नसल्यानं दुप्पट होते.

८. पुढच्या भेटी, आणि दहावीनंतरची खिंड

एका भेटीत मन हलकं होतं, मग मुलं दुसऱ्या भेटीला जात नाहीत. तीन-चार भेटींनंतरच काही बदलतंय का ते कळतं. नोंद चालू ठेवा आणि दर आठवड्याला शेवटच्या आकड्यांची सरासरी काढा: ३ वरून ४ वर आलं तरी ती सुधारणा आहे. महिनाभरात आकडा हलला नाही तर तसं स्पष्ट सांगा, पद्धत किंवा तज्ज्ञ बदलता येतात. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून किंवा वाटलं नाही म्हणून ते मनानं बंद करू नका. घरातल्या कपाटातली झोपेची गोळी तर कधीच नको, ती दुसऱ्या कुणासाठी लिहून दिलेली असते.

दहावीनंतर शाळा सुटते आणि ओळखीच्या बाईही सुटतात. अकरावीत, विशेषतः हजेरी नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये असा प्रकार असेल तर, चार दिवस गैरहजर राहिलात तरी कुणी ‘का रे’ म्हणत नाही. म्हणून दाखला न्यायला जाल त्या दिवशी समुपदेशकांनाही भेटा. केव्हापासून भेटत होतात, कशाचा उपयोग झाला, डॉक्टर कोण, एवढं एका पानावर लिहून मागा. ते पान मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा, आणि कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या समुपदेशकांची खोली कुठल्या मजल्यावर आहे ते बघून या.